उकिरडा आणि मोगरा

सांगोल्याचें नांव काढतांच इतिहासाच्या अभ्यासकाला १७५० सालचा करार आठवतो. छत्रपति शाहू महाराज निवर्तल्यावर वर्ष पुरें होण्याच्या आंतच या गांवीं रामराजांकडून राज्यकारभाराचीं सूत्रें पेशव्यांच्या हातीं आलीं, आणि त्या घटनेवर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. परंतु याच भागांतील माळवदी घरांच्या परसांत, तुळशीच्या शेजारीं, मोगऱ्याचीं व शेवंतीचीं जीं रोपें पिढ्यान्‌पिढ्या जगत आलीं, त्यांना खावयास काय घालीत असत, या प्रश्नाकडे कोणी फारसें फिरकलेलें नाहीं.

प्रश्न क्षुद्र आहे खरा. पण माझ्यापुढें तो उभा राहिला तो माझ्याच एका अपराधामुळें. सांगोल्यास राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंच्या सज्जांत मोगऱ्याची एक जुनी कुंडी आहे. आतेभावाची डाळिंबाची बाग आहे, आणि तेथून उरलेलें मिठासारखें पांढरें खत एका पिशवींत घरीं पडलें होतें. पिशवीवर ०:५२:३४ असे आंकडे छापलेले होते. फुलें यावींत म्हणून हें खत देतात, एवढेंच मला ऐकून ठाऊक. मीं एक मूठ भरली, कोरड्या कुंडींत टाकली आणि वर तांब्याभर पाणी ओतलें. चौथ्या दिवशीं पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशीं निम्मीं पानें गळालीं. आत्याबाई रागावल्या नाहींत. "उपाशी माणसाला कोणी एकदम पंगतीचें जेवण वाढतें काय रे?" एवढेंच त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यानें मला जुने ग्रंथ उघडावयास लावलें.

इसवी सनाच्या सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय घातला आहे. झाडें, झुडपें व वेली यांना फुलें-फळें भरघोस यावींत म्हणून तो एक पाक सांगतो: शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांची पूड, तीळ, जवाचें पीठ आणि मांस हीं पाण्यांत घालून सात रात्रीं ठेवावीं व मग तें पाणी मुळांशीं घालावें. या पाकांतील जिन्नसांपेक्षां मला त्याची रीत अधिक महत्त्वाची वाटते. प्रत्येक जिन्नसाचें माप आढक-प्रस्थांत बांधून दिलेलें आहे. आणि खत कोरडें टाकावयाचें नसून पाण्यांत मुरवून, पाण्यावाटेंच द्यावयाचें आहे. माझ्या मुठीला माप नव्हतें, आणि पाणी होतें तें नांवापुरतें. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' याच वाटेनें आणखी पुढें जातो. त्याचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत होतें. १९९६ सालीं नलिनी साधले यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर सिकंदराबादेहून प्रसिद्ध झालें आणि त्यांतील 'कुणपजल' एकाएकीं चर्चेचा विषय झाला. कुणप म्हणजे प्रेत. मांस, चरबी, मासळी शिजवून व कुजवून केलेलें हें पाणी सज्जांत ठेवावयाचें म्हटल्यास शेजाऱ्यांशीं भांडण ठरलेलें! त्याची सोज्वळ धाकटी बहीण मात्र आपल्याकडे घरोघर नांदते: शेंगदाण्याची पेंड चार-पांच दिवस भिजत घालावयाची, आणि वरची निवळ दहापट पाण्यांत मिसळून झाडांना द्यावयाची. वास तिलाहि येतो, पण तो सोसवतो.

वराहमिहिराच्या लेंड्या सांगोल्यास परक्या नाहींत. माणदेशाचा हा भाग पावसाला पारखा. येथें पिकापेक्षां मेंढरांचा व खिलार जनावरांचा भरंवसा मोठा. धनगरांचा कळप शेतांत रात्रीं बसवावा आणि त्याबद्दल त्यांना धान्य द्यावें, ही दख्खनची जुनी चाल. कळप उठून गेला, कीं घरची बाई पदरांत चार ओंजळी लेंड्या घेऊन येई, आणि त्या गुलाबाच्या व मोगऱ्याच्या बुंध्याशीं जात. लेंडी टणक असते, ती सावकाश विरघळते आणि महिना-दोन महिने थोडें थोडें पोषण देत राहते. चूक होण्यास तींत वावच नाहीं. शेणाचें तसें नाहीं. ताजें शेण उष्ण पडतें. तें उकिरड्यांत मुरावें लागतें. बारा वर्षांनीं उकिरड्याचाहि पांग फिटतो, असें आपण दुर्दैवी माणसाला धीर देण्यासाठीं म्हणतों. पण उकिरडा मुरल्यावांचून त्याचें सोनें होत नाहीं, ही शेतकऱ्याची साधी माहिती त्या म्हणीच्या पोटांत आहे.

परंतु उकिरड्यापर्यंत शेण पोंचावें कसें? झाडझाडोरा विरळ, सरपण महाग. म्हणून शेणाच्या गोवऱ्या होत आणि त्या चुलींत जात. ब्रिटिश सरकारनें हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास धाडलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचा अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. शेणाचें मोल न कळल्यामुळें शेतकरी तें जाळतो, असें साहेबलोक तोंवर सर्रास म्हणत. व्होल्करांनीं तें खोडून काढलें: शेतकऱ्याला मोल पुरें कळतें, त्याला लांकूड मिळत नाहीं म्हणून तो शेण जाळतो, तेव्हां आधीं सरपणाचीं रानें वाढवा. परक्या माणसानें आपल्या अडाणीपणाचा गवगवा न करितां आपली अडचण ओळखली, हें त्या काळीं थोडें नव्हे.

चुलींतून राख निघे आणि ती पुन्हां तुळशीच्या व मोगऱ्याच्या मुळांशीं येई. या राखेंत काय उरतें, याचा उलगडा युरोपांत झाला. १८४० सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनीं वनस्पतींचें पोषण खनिज द्रव्यांवर चालतें असें ठासून मांडलें. दोनच वर्षांनीं इंग्लंडांत जॉन बेनेट लॉज यांनीं हाडांवर व खनिज स्फुरदावर गंधकाम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट बनविण्याचें पेटंट घेतलें. राखेंतील क्षार घातले कीं पुरे, नत्र हवेंतून मिळेलच, हा लीबिगांचा समज मात्र लॉज व त्यांचे सहकारी गिल्बर्ट यांच्या शेतांतील प्रयोगांनीं टिकूं दिला नाहीं. गोवरी जळते तेव्हां तिच्यांतील नत्र धुरावाटें उडून जातो. पालाश व स्फुरद राखेंत राहतात. म्हणजे राख घालणारी आजी पालाश देत होती. हिरव्या पानांचा नत्र मात्र घराच्या धुराड्यांतून निघून जात होता.

हा तोटा भरून काढण्याचा सर्वांत समंजस प्रयत्न होळकरांच्या इंदुरांत झाला. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत तेथील संस्थेंत काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते ओले ठेवून व वरखालीं करून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धति बसविली. १९३१ सालीं निघालेल्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचें नांव आहे. 'इंदूर पद्धती'नें जगभर हॉवर्डांचा लौकिक झाला. वाडांची आठवण मात्र आपणांसहि राहिली नाहीं, याची खंत वाटते. त्यांची रीत घरच्या जुन्या माठांतहि साधते. भाजीचीं देंठें व सुका पाला यांचा एकेक थर, मधून मूठभर माती, ओल पिळलेल्या फडक्याएवढी. आणि आठवड्यांतून एकदां वरखालीं.

कारखान्याचें खत याच सुमारास जवळ येत होतें. हवेंतील नत्र बांधण्याची हाबर यांची युक्ति १९०९ सालची; बॉश यांनीं तिच्यावर १९१३ सालीं कारखाना उभारला. आपल्याकडे सिंद्री १९५१ सालीं व मुंबईजवळील ट्रॉम्बे १९६५ सालीं सुरू झालें, आणि 'सुफला १५:१५:१५' हीं अक्षरें खेडोपाडीं ओळखीचीं झालीं. हे आंकडे म्हणजे शंभर भागांत नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, याच क्रमानें लिहिलेला जबाब होय. युरियांत ४६ भाग नत्रच. तो कुंडींत पडला, कीं झाड पानांनीं माजतें आणि कळी धरावयास विसरतें.

सांगोल्यानें हे आंकडे शिकले ते डाळिंबामुळें. येथील डाळिंबाची कीर्ति एवढी वाढली, कीं २८ डिसेंबर २०२० रोजीं शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधील शालीमारला रवाना झाली. डाळिंबाचा बहार धरतांना बागाईतदार आधीं पाणी तोडतो. झाडाला ताण देतो, पानें गाळवतो, छाटणी करतो, आणि मग खत व पाणी देऊन एकदम फुलोरा आणतो. आत्याबाई मोगऱ्याला थंडींत नेमकें हेंच करीत आल्या आहेत. पाणी कमी, मग छाटणी, मग वरची माती उकरून दोन ओंजळी मुरलेलें शेणखत, आणि त्यानंतर भरपूर पाणी. कळ्या उन्हाळ्यांत. कोणी कोणापासून शिकलें, हें ठरविणें कठीण आहे.

मात्र बागेंतील पिशवी सज्जांत आणतांना दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात. बागेंत मुळांना पसरावयास जागा आहे. कुंडींतील क्षाराला तळाच्या भोंकाखेरीज वाट नाहीं. त्यांत येथील बोअरचें पाणी बहुधा मचूळ. कुंडीच्या कांठावर पांढरी खपली धरूं लागली, कीं खत थांबवून तळांतून वाहून जाईल इतकें गोडें पाणी दोन-तीन वेळां द्यावें. विद्राव्य खत द्यावयाचें तर माती आधीं ओली करून, लिटरभर पाण्यांत एक ग्रॅम, फार तर दोन, पंधरवड्यांतून एकदां. आणि झाड विसाव्याला असतांना मुळींच नाहीं.

दुसरी गोष्ट मातीची. इकडील माती चुनखडीची. विलायती पुस्तकें वाचून लोक कुंडींत हाडांचा चुरा व अंड्यांचीं टरफलें घालतात. तेथील आंबट मातींत हाडांचा स्फुरद सुटतो, आमच्या चुनखडींत तो तसाच पडून राहतो. राखहि बेतानेंच घालावी, कारण ती मातीचा अल्कपणा वाढविते. जास्वंदाचें पान पिवळें पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर भुकेनें नव्हे, चुन्यानें लोह अडवून धरल्यामुळें तें तसें होतें; तेथें आणखी खत ओतणें म्हणजे दुखणें वाढविणें. अशा जास्वंदाला स्फुरदाचा माराहि मानवत नाहीं. म्हणून कुंडीला पहिली निवड मुरलेल्या शेणखताची किंवा गांडूळखताची, दुसरी पेंडीच्या निवळीची, आणि पांढऱ्या क्षाराची अगदीं शेवटीं, तीहि चिमटीनें, असें माझें मत झालें आहे. ज्याच्या दारीं जनावर नाहीं, त्याला पिशवीशिवाय गत्यंतर नसतें, हेंहि मी जाणतों. आणि आतां सांगोल्यांतहि अशीं घरें वाढत आहेत.

तो मोगरा मेला नाहीं. तीन दिवस त्याच्या मातींतून गोडें पाणी वाहूं दिलें, काळ्या पडलेल्या फांद्या छाटल्या आणि पुढचे दोन महिने त्याला पाण्याशिवाय कांहीं दिलें नाहीं. माघांत आत्याबाईंनीं शेजारच्या गोठ्यांतून घमेलेंभर जुनें शेणखत मागून आणलें. चैत्राच्या अखेरीस सात फुलें आलीं, तीं त्यांनीं मोजून विठोबाला वाहिलीं. आणि पांढऱ्या खताची ती पिशवी आतेभावाकडे परत धाडली.