पात्रता आणि दरवाजा

शाळेत सदैव पहिला येणारा मुलगा हार्वर्डसारख्या विद्यापीठाकडे अर्ज करतो आणि नकार येतो, तेव्हा घरची माणसे विचारतात, ‘पोराचे कमी कोठे पडले?’ आमच्या मते आधी दुसरा प्रश्न विचारावयास हवा: दरवाजावर निवड करणारा कोण, आणि कोणत्या नियमाने?

प्रथम आकडे पाहू. हार्वर्डमधून २०१९ साली बाहेर पडावयाच्या तुकडीसाठी सुमारे ३५,००० अर्ज आले. जागा होत्या सुमारे १,६००. अमेरिकेतल्याच अर्जदारांपैकी ८,००० हून अधिक जणांचे शालेय गुण पैकीच्या पैकी होते. जागांच्या पाचपट मुले अव्वल ठरल्यावर नुसत्या गुणांनी निवड करणे शक्यच नाही. मग दुसरी मापे येतात. ती कोठून आली, हे इतिहासच सांगतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील रीत सरळ होती: प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि आत जावे. अर्थात तयारी करून घेणारी शाळा आणि फीचे पैसे ज्याच्यापाशी असत, त्यालाच ती सरळ. पुढे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले ही परीक्षा भराभर उत्तीर्ण होऊ लागली. १९०० साली त्यांचे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास होते, ते १९२२ पर्यंत शेकडा २१ वर गेले. अध्यक्ष लॉवेल यांनी त्या वर्षी उघड मर्यादा सुचवली. गवगवा झाला आणि १९२३ साली प्राध्यापकांच्या समितीने ती नाकारली. तथापि अर्जात वडिलांचे जन्मस्थान, आईचे माहेरचे आडनाव आणि जन्मानंतर नाव बदलले काय, हे प्रश्न आलेच होते. १९२६ साली नव्या विद्यार्थ्यांची संख्या १,००० वर बांधली गेली, ‘चारित्र्या’ला वजन आले, छायाचित्र मागवण्यात आले. ज्यू मुलांचे प्रमाण झपाट्याने घसरले. नियमात मर्यादेचा शब्दही नव्हता.

त्याच दशकात गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी तेथे शिकत होते. १९२९ साली ते पदवीधर झाले. बुद्धी त्यांची स्वतःची, यात शंका नाही. पण वडील धर्मानंद पाली ग्रंथांच्या कामासाठी हार्वर्डला गेले होते, म्हणून मुलाला तेथील शाळा मिळाली. तितकाच हुशार दुसरा मुलगा गोव्यातच राहिला असता.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हा इतिहास परका वाटत नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या दरवाजावर सकाळी जॉबर उभा राही. माग चालवू शकणारे हात पुष्कळ, जागा थोड्या. मग गाववाला कोण, नातलग कोण, दस्तुरी कोणी दिली, यावर बदलीवाला आत जाई. १९३५ साली बदली कामगारांची नोंद ठेवण्याची योजना आली, तेव्हा जॉबरच्या मर्जीला काहीसा लगाम बसला. परत गेलेल्याचा हात कसबी नव्हता, असे कोणी म्हणत नसे.

हार्वर्डमध्येही लगाम घालण्याचे प्रयत्न झाले. अध्यक्ष कोनंट यांनी १९३४ साली बुद्धिचाचणीच्या आधारे शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि दूरच्या, सामान्य घरांतल्या काही मुलांना वाट मिळाली. पण जुनी मर्जी उरलीच. २०१८ च्या खटल्यात निघालेल्या कागदांवरून दिसले, की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे तिघांतल्या एकाला प्रवेश मिळत होता, इतरांना शंभरांत सहांना. आशियाई वंशाच्या मुलांचे अभ्यासाचे गुण सरासरीने वरचे, पण ‘व्यक्तिमत्त्वा’चे खालचे. यात हेतुपुरस्सर भेदभाव नाही, असे खालच्या न्यायालयाने २०१९ साली म्हटले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत अवैध ठरवली. त्याच वर्षी राज चेट्टी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की परीक्षेचे गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत शेकडा एक घरांतल्या मुलांना अशा निवडक विद्यापीठांत जागा मिळण्याचा संभव मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आहे.

तेव्हा हुशार मुलाने अर्ज जरूर करावा. सोबत इतर चार ठिकाणीही करावा. नकार आल्यास आईबापांनी त्याला दोष देऊ नये. आणि निवडीचा नियम लेखी व उघड असावा, ही मागणी आपण आपल्या गावच्या शाळा-कॉलेजांच्या दरवाजावरही करावी. तेथेही ‘मुलाखत’ आणि ‘व्यवस्थापनाचा निर्णय’ हे शब्द आपण ऐकतोच.