म्हातारीची बाज

सप्तर्षींमध्ये आमच्या आबांनी कधी ऋषी पाहिले नाहीत. चार ताऱ्यांची म्हातारीची बाज आणि ती पळवायला आलेले तीन चोर, एवढंच त्यांना तिथं दिसायचं. माघ-फाल्गुनात ज्वारीची मळणी चालायची, तेव्हा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात खळ्यावर राखणीला आम्ही नातवंडंही जायचो आणि कडब्यावर अंग टाकायचो. रात्र चढू लागली की ईशान्येला आधी उभी बाज वर यायची, मग मागून एकेक चोर. आबा म्हणायचे, “म्हातारी जागी हाय, म्हनून बाज अजून चोरांना गावली न्हाय. डुलकी लागली की गेलीच.” राखणीला बसलेल्या पोरांना जागं ठेवायला याहून चांगली गोष्ट कुठली असणार!

त्या तिघांतला मधला चोर म्हणजे वसिष्ठ. त्याला खेटून एक मंद तारा लुकलुकतो, ती अरुंधती. लग्नात भटजी नवरानवरीला दाखवतात तीच. मांडवातला ऋषी खळ्यावर चोर होतो आणि दोन्ही खरं असतं, कारण आभाळातली चित्रं बघणाऱ्याच्या कामाधंद्यातून निघतात, अशी माझी पक्की धारणा आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी 2013 साली गोंडांच्या आकाशज्ञानावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या गोंड गावांतही सप्तर्षी म्हणजे बाज आणि तीन चोरच. मृगाच्या ताऱ्यांत त्यांना नांगर दिसतो. आमच्या शिवारातली गोष्ट इतक्या लांबच्या रानात भेटली, याचा मला फार आनंद झाला.

ध्रुव म्हणजे आबांच्या लेखी खळ्याचा तिवडा. पातीचे बैल त्याच्याभोवती फिरतात तशी बाज रात्रभर फिरते. हीच उपमा भागवताच्या चौथ्या स्कंधात ध्रुवाच्या कथेत आहे, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं. आबांना अक्षरओळख नव्हती. कीर्तनातून त्यांच्या कानावर पडलं असेल, किंवा खळं पाहणाऱ्या कुणालाही ते सुचावं इतकं ते उघड असेल.

मृग ओळखायला मात्र कुणाची मदत लागत नाही. हिवाळ्याच्या रात्री चार तारे हरणाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. हेच आमचं तिकांडं. बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवली की थेट व्याधावर जाते, सगळ्या आभाळातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यावर. उलट्या दिशेला तांबूस रोहिणी. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरणाचं रूप घेऊन मुलीच्या, रोहिणीच्या मागे धावतो आणि त्याला बाण मारला जातो. तो बाणही तीन कांडांचाच आहे. लोकमान्यांनी याच हरणाचा माग काढत 1893 साली ‘ओरायन’ लिहिलं आणि वसंतसंपात मृगात होता त्या, इसवी सनापूर्वी 4000च्या सुमाराच्या काळापर्यंत वेदांना मागे नेलं. तो काळ सगळ्यांना पटला नाही. पण मृगाकडे इतक्या तळमळीने पाहणारा दुसरा मराठी माणूस मला ठाऊक नाही.

पावसाचा मृग लागतो 7-8 जूनला, सूर्य त्या नक्षत्रात शिरतो तेव्हा. म्हणजे ज्या दिवसांत गावागावात मृगाचं नाव तोंडी असतं, त्याच दिवसांत हरीण सूर्याच्या उजेडात दडलेलं असतं. आबांना पंचांग लागायचं नाही. वैशाख सरताना संध्याकाळी ते मावळतीकडे बघत उभे राहायचे आणि घरात येऊन सांगायचे, “हरीण बुडालं. कुळवाचा फास लोहाराकडं टाका.”