लेखणी कोणाच्या घरी?

घरी बसून कारकुनी करणे ही आजच्या काळाची नवलाई आहे, असे सांगितले जाते. मार्च 2020 च्या टाळेबंदीनंतर हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावीही अशा कामांच्या जाहिराती मोबाईलवरून येऊन धडकल्या. परंतु घरी बसून सरकारची लेखणी चालविणारा माणूस आपल्या गावात पिढ्यान् पिढ्या होता. तो म्हणजे पटवारी.

हिमायतनगर म्हणजे जुने वाढोणा. निजामाच्या राज्यातील या मुलखात गावचा कारभार पाटील-पटवाऱ्यांच्या हाती होता. पटवारीपण बापाकडून मुलाकडे जाई, आणि ते बहुधा ब्राह्मणाघरी असे. शेतसाऱ्याचे दप्तर रुमालात बांधून त्याच्याच वाड्यात राही. जमीन कोणाची आणि बाकी किती, हे त्या रुमालात. रुमालाची गाठ केव्हा सोडायची, हे मात्र त्याच्या मर्जीवर.

याच कारभारात दुसराही एक वतनदार होता. सांगावा नेणे, वसूल तालुक्याला पोचविणे, शिवेची साक्ष देणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे ही कामे महाराची. प्रशासन एकच; पण त्यातले बसण्याचे काम एका जातीला आणि धावण्याचे काम दुसरीला. एकाच्या घरात दप्तर आले, दुसऱ्याच्या घरातला माणूस वेठीला गेला. दोघांनाही 'वतनदार' म्हटले, ही तर या व्यवस्थेची चलाखी!

कुलकर्ण्याची लेखणी अडाणी कुणब्याला कशी नाडते, हे जोतीराव फुल्यांनी एकोणिसाव्या शतकातच उघड केले. शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापुरात कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. दप्तर जातीच्या घरातून काढून नोकरीच्या नियमात बसविण्याचा तो प्रयत्न होता.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे साधे होते. वतनदार महाराच्या कामाला मर्यादा नाही, वेळ नाही, निश्चित वेतन नाही. तो नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला धरून नेतात. म्हणून कामे ठरवा आणि मोबदला ठरवा. हीच लढाई पुढेही चालू राहिली. फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली. त्या लढ्यात एक कसोटी सामावलेली आहे: ज्याला वेतन नाही, वेळ नाही, हद्द नाही, ते काम नव्हे, ती वेठ.

संस्थान 1948 साली भारतात विलीन झाले आणि कचेरीचे दार कायद्याने उघडले. आमच्या मुलांना टंकलेखनाचे प्रमाणपत्र ही त्या दाराची किल्ली वाटली. मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांची गती हे कारकुनीचे माप झाले. पण या दाराशी गर्दी मोठी आणि असूयाही मोठी. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात स्थानिक तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराला विरोध म्हणून नांदेड जिल्ह्यातील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या आगीमागे आरक्षणातून मिळणाऱ्या नोकऱ्यांचा मत्सरही होता.

आज ही कारकुनी पुन्हा घरी येऊ पाहते आहे. हे दप्तर जातीने मिळत नाही. संगणक, वीज आणि अक्षर यांवर मिळते. घर सोडून नांदेड-पुण्याला जाणे ज्यांना परवडत नाही, अशा मुलींना ते खरोखर उपकारक ठरू शकते. हिशेब ठेवणे, बिले तयार करणे, ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे देणे ही खरी कामे आहेत. पण या नावाखाली वेठही हिंडते आहे. 'अर्ज भरा, पाने टंकित करा, घरबसल्या कमवा' म्हणायचे, आधी नोंदणीचे पैसे घ्यायचे, मग चुका काढून मोबदला नाकारायचा आणि वर करारभंगाची खोटी नोटीस पाठवून दंड मागायचा! कापूस वेचून जमविलेले आईबापांचे पैसे असे जातात.

म्हणून 1928 ची कसोटी आज लावली पाहिजे. पैसा कोण कोणाला देतो? खरा मालक मजुराकडून पैसे मागत नाही. नेमणूकपत्र आहे काय? त्यात काम, वेळ आणि पगार लिहिलेला आहे काय? कंपनीची नोंद केंद्र सरकारच्या कंपनी कार्य मंत्रालयाकडे सापडते काय? तुमचे बँक खाते दुसऱ्याचे पैसे फिरविण्यासाठी मागितले जाते काय? तसे असेल तर ती नोकरी नव्हे, गुन्ह्यातील भागीदारी आहे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. कोणी नोटीस पाठविली म्हणून ती न्यायालयाचीच, असे मानून घाबरू नये.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांचे काम इथे सुरू होते. वस्तीतल्या वाचनालयात संगणक ठेवा. पण त्याच्याशेजारी करारपत्र वाचायला शिकविणारा माणूसही बसवा. पूर्वी रुमालात काय लिहिले आहे हे आम्हाला वाचता येत नव्हते, म्हणून आम्ही लुटले गेलो. आज वाचता येते; तरी न वाचता सही केली, तर रुमालाची गाठ पुन्हा दुसऱ्याच्याच हाती जाईल.