बिदरीचा काळा रंग



खाम नदी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की छावणी लागते. निजामाच्या अमदानीत हैदराबाद कंटिंजंटची फौज येथे असे. समजा, इथल्या बाजारात जुन्या मोडीच्या ढिगात तुम्हाला एक काळंभोर, जड पानदान दिसलं. त्यावर चांदीच्या तारेची वेलबुट्टी आहे, पण धुळीने ती झाकून गेली आहे. मोडवाला म्हणेल, “जस्त आहे, वजनावर घ्या.”

तो खोटं बोलत नाही. त्या पानदानात शंभर भागांपैकी नव्वदच्या आसपास जस्तच असतं. पण उरलेल्या थोड्या भागातच या वस्तूचं सारं गुपित आहे. त्याचीच हकीकत आज ऐकू या.

या कामाला बिदरी म्हणतात, ते बीदर शहरावरून. बीदर ही पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांची राजधानी झाली. इराणकडच्या कारागिरांनी ही कला इकडे आणली, अशी परंपरा सांगतात. आज हाती असलेले सर्वांत जुने नमुने सन 1600 च्या सुमाराचे आहेत. 1956 पर्यंत बीदर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर बीदर जिल्ह्यातच मोडत. तेव्हा ही कारागिरी आपल्याला परकी नव्हे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतही, बिदरीचं काम होत आलं आहे.

आता धातूकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर हॅमिल्टन यांनी कारागिराचं प्रमाण टिपून ठेवलं: जस्त 12,360 ग्रेन, तांबे 460 ग्रेन, शिसे 414 ग्रेन. ग्रेन हे गुंजेहूनही लहान वजन. हिशेब केला, तर शेकडा जस्त सुमारे 93.4, तांबे 3.5 आणि शिसे 3.1 भरतं. त्याच काळातले डॉक्टर हाइने वेगळं प्रमाण देतात. त्यात थोडं कथीलही आहे आणि तांबे शेकडा अकराच्या वर जातं. म्हणजे प्रमाण कारागिरागणिक बदले. पण तांबे मात्र दोन्हीकडे आहेच.

ते कशासाठी? जस्त सुमारे 420 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून साध्या भट्टीवर त्याचं ओतकाम होतं. तांब्याला वितळायला 1,085 अंश लागतात, आणि जस्त तर 907 अंशांवरच उकळून वाफ होतं! पण वितळलेल्या जस्तात तांबे हळूहळू विरघळतं, मिठाचा खडा पाण्यात विरघळावा तसं. रस गार होऊ लागला की जस्त आणि तांबे यांचे मिळून बारीक कण आधी गोठतात. अशा कणात तांब्याच्या एका अणूमागे जस्ताचे चार-पाच अणू असतात. मग भोवती जस्त थिजतं. शिसे या दोघांशी एकजीव होत नाही. त्याचे थेंब जागोजाग वेगळे बसतात. वरून एकसारखा दिसणारा हा धातू आतून असा तीन घरांचा वाडा असतो.

ओतलेली वस्तू कानशीने घासून कारागीर तिच्यावर मोरचूद फासतो. त्याने ती तात्पुरती काळी होते आणि छिन्नीच्या रेषा पांढऱ्या दिसतात. त्या खाचांत चांदी ठोकून बसवली, की वस्तू पुन्हा घासून लख्ख करतात. तेव्हा चांदी आणि जस्त दोन्ही पांढरीच. नक्षी ओळखू येत नाही. मग ती वस्तू कोमट करून तिच्यावर नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप चोळतात. काही वेळातच धातू काळा पडतो, चांदी मात्र तशीच राहते.

लोक म्हणतात, ही किल्ल्यातल्या मातीची करामत. माती कामाची आहे खरी, पण तोच लेप निव्वळ जस्ताला लावा, तसा काळा रंग चढत नाही. लेपामुळे वरचं थोडं जस्त निघून जातं, तांबे मागे उरतं आणि त्याच्या जोरावर तो काळा थर जमतो. अणूंची विद्या हाती नसताना आपल्या कारागिरांनी हे हाताने पारखलं होतं.

पण बरं का, हा थर फार पातळ असतो. कोरड्या जागी, अधूनमधून तेलाचा हात फिरवला, तर तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. आंबटाशी मात्र त्याचं वैर. आपण तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासतो. तीच चिंच बिदरीला लावली, तर काळा रंग जातो आणि खालचं जस्तही खाल्लं जातं. गुरुजी, शाळेत जस्ताच्या जुन्या पत्र्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डाग मुलांना दाखवा. धडा आपोआप शिकवून होईल.

आणि घरात आजोबांच्या वेळचा काळा पानडबा किंवा हुक्क्याचं बूड असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो मळ समजून खरवडू नका, मोडीतही घालू नका. आटवलं तर चार पैशांचं जस्त हाती येईल. नक्षी, रंग आणि तो करणारा हात मात्र पुन्हा मिळायचा नाही.