टाचदुखी : पहाटेचं पहिलं पाऊल टाकण्याआधी हे करा

चाकण : पहिल्या पाळीची बस गाठायची म्हणून पहाटे उठावं, पाय जमिनीवर टेकवावा आणि टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यावी. दहा-वीस पावलं चाललं की कळ कमी होते, जेवणाच्या सुट्टीत बसून उठलं की पुन्हा तेच. महाळुंगे, निघोजे, कुरुळीपासून भोसरी-तळवड्यापर्यंत लाइनवर उभ्याने काम करणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची आहे.

बहुतेक वेळा हा प्लांटर फॅसायटिस असतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. काँक्रीटवर तासन् तास उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, झिजलेला सोल यांमुळे टाचेजवळ त्याला इजा होत राहते. रात्री तो आखडतो आणि सकाळी एकदम वजन पडलं की ताणला जातो. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ म्हटलं की माणूस घाबरतो. पण तसं हाड टाच न दुखणाऱ्यांतही सापडतं, ते काढायची गरज सहसा नसते.

‘आराम करा’ म्हणणं सोपं. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे पगार कापला. म्हणून पाळी सांभाळून जमेल ते आधी करावं.

अंथरुणातच बसा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा. तळव्याखालचा पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. १० पर्यंत मोजून सोडा. असं १० वेळा, मगच पाय खाली. जेवणानंतर उठण्याआधी पुन्हा, रात्री पुन्हा. शिवाय भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटरीला ३० सेकंद ताण द्या, तीनदा. घरी आल्यावर बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवा. दोन दिवसांत फरक पडत नाही म्हणून बरेच जण सोडून देतात, तिथेच चुकतं. फरक पडायला काही आठवडे लागतात, पूर्ण बरं व्हायला सहा महिने ते वर्षही.

कंपनीचा सेफ्टी शूज बदलता येत नाही, पण आत टाचेखाली सिलिकॉनची गादी टाकता येते. दोन्ही बुटांत टाका. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका. आणि स्टूल मागायला लाजू नका : उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बैठकीची सोय करण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४४ मध्येच केली होती.

गावाकडे तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकतात. शेकाने बरं वाटतं, पण रुईचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना वाईट. शुगर असलेल्यांनी तर हा प्रयोग करूच नये, पाय बधिर असेल तर भाजल्याचंही कळत नाही.

मेडिकलमधून गोळी आणायची आणि पाळी काढायची, हेही रोजचंच. महिनोन् महिने वेदनाशामक घेतल्याने पोट आणि किडनी बिघडू शकते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, मात्र वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेची गादी झिजण्याचा धोका असतो.

टाच सुजली-लाल झाली, ताप आला, मुंग्या-बधिरपणा आला, रात्री झोपेतही दुखलं किंवा उडी-पडण्यानंतर पाय टेकवेना, तर घरी थांबू नका. तरुण वयात दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही आखडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. चाकणचं ग्रामीण रुग्णालय, पिंपरीतलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ आहेत. ईएसआय कार्ड असेल, तर चिंचवडच्या मोहननगरातलं ईएसआय रुग्णालय आहे.