सोळा पाकळ्या

आमचा पुरंदर तालुका अंजीर, सीताफळ आणि फुलांचा. बहात्तरचा दुष्काळ सरला, विहिरीला पाणी आलं, तसा वडिलांनी दहा गुंठे ॲस्टर लावला. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. करंड्या घेऊन दिवे घाट उतरायचा आणि पुणं गाठायचं. एकदा पट्टी हातात पडल्यावर वडील मला शनिवारवाड्यावर घेऊन गेले. तटाला हात लावून म्हणाले, "ह्यात आपल्याकडचा चुना हाय बघ."

ते खोटं नव्हतं. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला वाड्याचा पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या रानातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीकडचा. १८२८ च्या आगीत आतलं सागवान जळून गेलं. दगडचुन्याचा तट आजही उभा आहे. चुना वाहणाऱ्यांची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

आत हजारी कारंजं आहे. सोळा पाकळ्यांचं कमळ. सवाई माधवरावांसाठी ते बांधलं, असं सांगतात. हे पेशवेही आमच्याच पुरंदर किल्ल्यावर १७७४ साली जन्मले. वडिलांचा, नारायणरावांचा, खून त्याआधीच ह्या वाड्यात झालेला. पोराला चाळिसाव्या दिवशी पेशवाई मिळाली आणि एकविसाव्या वर्षी वाड्यातच वरून पडून त्याचा अंत झाला. त्या दिवशी कारंजं कोरडं होतं. पाकळ्या मोजता मोजता मला उगाच वाईट वाटलं. आपल्या डोंगरावरचं पोर ते.

परवाच्या हंगामात ॲस्टर पार पडला. आडत, हमाली, टेम्पोभाडं वजा जाता पट्टीवर काहीच उरेना. मुलगा म्हणाला, "दादा, उद्या नांगर घालतो." मी गप्प बसलो. हिशोब त्याचाच बरोबर होता.

त्याच आठवड्यात नातीच्या शाळेत बाईंचा निरोपसमारंभ होता. नात बुकेसाठी पैसे मागायला आली. मी म्हटलं, "घरात फुलं सडत्यात आणि इकत कशाला आणायचा?"

पितळी ताट घेतलं. ॲस्टरच्या सोळा जुड्या बांधल्या आणि पाकळ्यांसारख्या गोल मांडल्या. एक जांभळी, एक पांढरी. मध्ये ओल्या मातीत गुलछडीच्या दांड्या उभ्या रोवल्या, कारंज्याची धार उडावी तशा. सुनेनं कडेनं पिवळी शेवंती लावली. घरभर वास सुटला.

बाईंनी विचारलं, "आजोबा, हा आकार कुठला?" मग पोरांसमोर मी सगळं सांगितलं. चुना, आग, किल्ल्यावर जन्मलेलं पोर. घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं नांगर घातला, पण अर्ध्याच तुकड्यात. उरलेल्याला पाणी सोडलं. मी विचारलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. शाळेला लागत्यात."