तळटीप : ‘कामावर जाण्याचा प्रवास’

४. हे आकडे २०११च्या जनगणनेतील आहेत. घर ते कामाचे ठिकाण किती किलोमीटर आणि प्रवास कशाने, हे दोन प्रश्न तेव्हा फक्त ‘इतर कामगार’ या गटाला विचारले गेले. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे त्यातून वगळले होते. म्हणजे टेम्पोत दाटीवाटीने बसून परगावी कापूस वेचायला जाणाऱ्या बाया या तक्त्यात कुठेच नाहीत; शाळा-कॉलेजात जाणारी मुलेही नाहीत. दुसरी उणीव अशी की नोंद एकाच साधनाची होते. विरारची एखादी नोकरदार स्त्री रिक्षाने स्टेशनवर येते, लोकलने चर्चगेट गाठते, पुढे ऑफिसपर्यंत चालत जाते. तक्त्यात तिचा प्रवास ‘रेल्वे’ या एका शब्दात आटोपतो. पण फुटपाथ आणि रिक्षाथांबे आखायचे तर नेमके हे दोन तुकडेच हवे असतात. शिवाय अंतर कळले तरी माणूस कोणत्या दिशेला जातो, हे या तक्त्यातून कळत नाही. बसमार्ग ठरवायला त्यामुळे स्वतंत्र घरोघर पाहणी करावीच लागते. वाचकांनी ही टक्केवारी एकूण प्रवासाची समजू नये.
— संपादक